डिटेक्टर गप्प राहतो तेव्हा

नवा मेटल डिटेक्टर विकायला आणणारा माणूस बहुधा एकच प्रयोग करून दाखवतो. मातीत नाणे पुरतो, वरून कॉइल फिरवतो, यंत्र वाजते आणि जमलेली मंडळी माना डोलावतात. या प्रयोगाने फारसे काही सिद्ध होत नाही. नाणे तिथे आहे हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि न वाजणारे यंत्र त्याने दाखवायला आणलेच नसते. भूसुरुंग काढणाऱ्या माणसाला ज्यावर विसंबायचे असते ती गोष्ट निराळी आहे. यंत्र वाजले की तो थांबतो, खाली बसतो, सळईने तिरकी माती टोचत पाहतो. इशारा खोटा निघाला तर वेळ गेला, एवढेच. यंत्र वाजले नाही की मात्र तो पाऊल पुढे टाकतो, आणि पुढे महिन्याभरात त्याच जागी शेतकरी नांगर घालतो. जीव ओवाळला जातो तो यंत्राच्या गप्प राहण्यावर. तेव्हा नव्या डिटेक्टरची परीक्षा घ्यायची म्हणजे त्याच्या गप्प राहण्याची परीक्षा घ्यायची, आणि तसे म्हटले की आपण अभियांत्रिकीतून निघून एका जुन्या तात्त्विक प्रश्नाच्या अंगणात येतो: एखादी गोष्ट न आढळणे हा ती नसण्याचा पुरावा केव्हा ठरतो? भारतीय दर्शनांनी या प्रश्नावर शतकानुशतके वाद घातला. त्या वादातून जी अट हाती लागली ती सुरुंगक्षेत्रात आजही लागू पडते, आणि सुरुंगक्षेत्रात तिची जी कसोटी लागते तिच्यातून ईश्वरविषयक वादाबद्दलही काही शिकता येते, असा माझा दावा आहे.

वाद सुरू होतो एका अगदी साध्या उदाहरणावरून. जमिनीवर घडा नाही, हे आपल्याला कसे कळते? मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतो, डोळ्यांना जमीन दिसते, 'नसणे' दिसत नाही; म्हणून अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे, स्वतंत्र प्रमाण, म्हणजे ज्ञानाचे साधन, मानावे. नैयायिक, म्हणजे न्यायदर्शनाचे अनुयायी, म्हणतात, वेगळे प्रमाण कशाला, अभावही प्रत्यक्षानेच कळतो. प्रभाकर तर अभाव नावाचा वेगळा पदार्थच मानायला तयार नाही, नुसती रिकामी जमीन दिसली की झाले. या तिघांत बरोबर कोण, हे इथे ठरवण्याची गरज नाही. महत्त्वाचे आहे ते त्यांच्या आणि बौद्धांच्याही विवेचनात पुन्हा पुन्हा येणारे एक कलम: घडा नाही असे म्हणण्याचा अधिकार तेव्हाच मिळतो, जेव्हा 'असता तर दिसला असता' हे म्हणता येते. उजेड हवा, डोळे धड हवेत, जागा समोर हवी आणि वस्तू दिसण्याजोगी हवी. अंधाऱ्या खोलीत घडा दिसला नाही तर त्यावरून काहीच ठरत नाही. सातव्या शतकातल्या धर्मकीर्तीने ही अट फार काटेकोरपणे मांडली. देशाने, काळाने किंवा स्वभावानेच आपल्या आवाक्याबाहेर असलेली वस्तू आढळली नाही, तर उरतो तो संशय. अभावाचा निश्चय होत नाही. त्या परंपरेतले ठरलेले उदाहरण पिशाचाचे आहे. समोर पिशाच दिसत नाही, यावरून ते तिथे नाही असे म्हणता येत नाही, कारण असते तरी ते दिसले नसते. योग्यतेची ही अट ज्याच्या ध्यानात आली, त्याला डिटेक्टरच्या चाचणीचे निम्मे शास्त्र समजले.

डिटेक्टरची योग्यता कशावर अवलंबून असते पाहा. कॉइलमधल्या बदलत्या विद्युतप्रवाहामुळे चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते क्षेत्र मातीतल्या धातूत भोवरे-प्रवाह निर्माण करते, आणि त्या प्रवाहांचे उलट येणारे क्षीण क्षेत्र यंत्र टिपते. म्हणजे यंत्र सुरुंग शोधत नाही, धातू शोधते; आणि सुरुंग बनवणाऱ्यांना हे माहीत आहे. अमेरिकी एम-१४ किंवा चिनी टाइप-७२ या प्लास्टिकच्या सुरुंगांत धातू इतका थोडा असतो, की काही सेंटिमीटर खोली वाढली तरी ते यंत्राच्या आवाक्याबाहेर जाऊ शकतात. दुसरा अडथळा मातीचा. कोकणात आपण जिला जांभा म्हणतो तशा लोहयुक्त मातीला स्वतःचाच चुंबकीय प्रतिसाद असतो. यंत्र तिला धातू समजून ओरडते, किंवा तिचा आवाज दाबण्यासाठी केलेल्या जुळवणीत सुरुंगाचा आवाजही दबतो. म्हणून युरोपीय मानक संस्थेच्या छत्राखाली २००३ मध्ये तयार झालेल्या सीडब्ल्यूए १४७४७ या करारात आधी हवेत चाचणी, मग मातीत चाचणी आणि मग जागा लपवून पुरलेल्या लक्ष्यांवर आंधळी चाचणी, अशी चढण आखली आहे. हवेत पोलादाच्या छोट्या गोळीपासून यंत्र किती उंचीवर ऐकू शकते हे मोजले तरी जांभ्यासारख्या मातीत ते किती खोल ऐकेल हे कळत नाही. युरोपीय आयोगाच्या संशोधन केंद्राने २००४ साली लाओसमध्ये आणि २००५ साली मोझांबिकमध्ये जाऊन चाचण्या घेतल्या त्या याचसाठी. प्रयोगशाळेतली योग्यता शेतावर पोचेपर्यंत टिकतेच असे नाही.

या अटीकडे दुर्लक्ष झाले की काय होते, याचे उदाहरण या यंत्राच्या जन्मकथेतच आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली आणि ती शरीरात कुठे अडकली आहे हे डॉक्टरांना सापडेना. टेलिफोनचा जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल याने घाईने धातू शोधणारे उपकरण तयार केले. यादवी युद्धातल्या गोळ्या अंगात घेऊन जगणाऱ्या जुन्या सैनिकांवर ते वापरून पाहिले, तेव्हा त्याने गोळ्या बरोबर दाखवल्या. राष्ट्राध्यक्षांच्या बिछान्यापाशी मात्र ते अडखळले. गोळी उजव्या बाजूला आहे अशी मुख्य डॉक्टरांची ठाम समजूत असल्याने शोध उजव्या बाजूपुरताच झाला, आणि गादीखालच्या पोलादी स्प्रिंगांनी गोंधळात भर घातली असे पुढे मानले गेले. १९ सप्टेंबरला गारफील्ड गेले. शवविच्छेदनात गोळी डाव्या बाजूला सापडली. उपकरण खोटे नव्हते, त्याची आधी घेतलेली चाचणीही खोटी नव्हती. चुकली ती एका जागी मिळालेली खात्री दुसऱ्या जागी नेण्याची रीत: स्प्रिंगांची गादी आधीच्या चाचणीत नव्हती, आणि जिथे शोधलेच नाही तिथल्या शांततेचा प्रश्नच कोणी विचारला नाही. अर्थात त्या काळच्या अस्वच्छ बोटांनी आणि सळयांनी जखम चाळवली होती, त्यामुळे गोळी सापडली असती तरी ते वाचले असते का हा वेगळा प्रश्न.

मग खात्री एका जागेवरून दुसरीकडे न्यायची तरी कशी? इथे प्रामाण्याचा, म्हणजे ज्ञान खरे असल्याची खात्री कुठून येते याचा, वाद कामी येतो. मीमांसकांच्या मते ज्ञान स्वतःच प्रमाण असते. ते खोडून काढणारे बाधक पुढे येईपर्यंत त्यावर विश्वास ठेवावा, नाहीतर प्रत्येक ज्ञानाला दुसऱ्या ज्ञानाचा दाखला लागेल आणि ही रांग कधी संपणार नाही. रोजच्या व्यवहाराचे हे वर्णन मला पटते. आपण खुर्चीवर बसण्यापूर्वी तिची परीक्षा घेत नाही. नैयायिक म्हणतात, प्रामाण्य बाहेरून कळते: त्या ज्ञानावर विसंबून कृती केली आणि ती सफल झाली, की ते ज्ञान खरे होते असे ठरते. समोर पाणी दिसले, गेलो, तहान भागली, तर ते मृगजळ नव्हते. वात्स्यायनाच्या न्यायभाष्याची सुरुवातच प्रमाणाने होणाऱ्या सफल प्रवृत्तीपासून होते. पण सुरुंगक्षेत्रात ही कसोटी भयंकर आहे. इथे सुरुंग नाही हे ज्ञान खरे की खोटे हे पाऊल टाकून ठरवायचे, तर उत्तर येईपर्यंत विचारणारा शिल्लक राहीलच असे नाही. ही अडचण नैयायिकांनाही दिसली होती. वाचस्पती मिश्रासारख्यांनी तिच्यातून काढलेली वाट अशी: पूर्वी सफल ठरलेल्या ज्ञानाच्या जातीचे नवे ज्ञान असेल, तर त्या सारखेपणावरून कृतीच्या आधीच प्रामाण्याचे अनुमान करता येते. डिटेक्टरची नीट घेतलेली चाचणी म्हणजे नेमके हेच. ज्या जागा चाचणी घेणाऱ्याला माहीत आहेत, पण यंत्र चालवणाऱ्याला माहीत नाहीत, अशा ठिकाणी निकामी केलेले सुरुंग पुरायचे, त्यातले किती सुटले हे मोजायचे, आणि उद्याच्या अनोळखी शेतातली शांतता याच जातीची आहे असे म्हणायचे. सगळे वजन त्या 'याच जातीची' वर पडते. माती तीच हवी, सुरुंग त्याच धाटणीचे हवेत, खोली तीच हवी, आणि ही बाब पुष्कळदा विसरली जाते, चालवणारा माणूसही तसाच हवा. आंधळ्या चाचण्यांत एकच यंत्र वेगवेगळ्या हातांत वेगवेगळे निकाल देते. कॉइल घाईने फिरवली, जमिनीपासून चार बोटे वर धरली, दोन फेऱ्यांमध्ये पट्टी सुटली, की यंत्राची योग्यता तिथल्या तिथे गळून पडते.

यावर संशयवादी हरकत घेईल, की चाचण्या कितीही घेतल्या तरी त्या मोजक्याच. पुढच्या सुरुंगाबद्दल त्या काय सांगणार? हरकत बिनतोड आहे, आणि आकड्यांत मांडली तर आणखी बोचते. संयुक्त राष्ट्रांच्या १९९७ सालच्या मानकांत सुरुंग साफ करण्याचे प्रमाण ९९.६ टक्के असावे असे म्हटले होते. आता एखाद्या यंत्राची शोधक्षमता निदान इतकी आहे हे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या ९५ टक्के विश्वासाने दाखवायचे, तर सुमारे साडेसातशे सुरुंग पुरावे लागतील आणि त्यांतला एकही सुटता कामा नये. एक सुटला की संख्या आणखी वाढली. प्रत्येक माती, प्रत्येक सुरुंग आणि प्रत्येक खोली यांसाठी हे वेगवेगळे करायला कोणाकडे ना पैसा आहे, ना सवड. पुढच्या आंतरराष्ट्रीय मानकांनी तो आकडा सोडून दिला आणि ठरवून दिलेल्या जागेतले, ठरवून दिलेल्या खोलीपर्यंतचे सगळे सुरुंग काढलेले असले पाहिजेत अशी भाषा धरली. वरवर पाहता मागणी वाढली, कारण ९९.६ च्या जागी 'सगळे' आले. पण दाव्याला आता कुंपण आहे, आणि कुंपणाच्या पलीकडे काय आहे याबद्दल दावा काहीच बोलत नाही. संशयवाद्याला माझे उत्तर हेच. निःशेष खात्री मिळत नाही हे मान्य. पण खात्री किती आणि कुठवर हे सांगता येते, आणि ज्याला ते सांगता येत नाही त्याच्या यंत्रापेक्षा ज्याला सांगता येते त्याचे यंत्र हजारपट बरे. खोलीची मर्यादा कागदावर लिहून देणारा माणूस अज्ञानाची कबुली देतो आहे असे कोणाला वाटेल. मला तो धर्मकीर्तीचा विद्यार्थी वाटतो.

दुसरी हरकत व्यवहारी माणसाची. शांततेवर इतके अवलंबून आहे, तर यंत्राची संवेदनशीलता वाढवत न्या. ते कणभर धातूलाही वाजेल आणि मग गप्प राहिले तर निर्धास्त व्हा. हे करता येते, आणि केलेही गेले आहे. त्याची किंमत कंबोडियाने मोजली. १९९२ ते १९९८ या काळात तिथल्या सुरुंग काढणाऱ्यांनी सुमारे २० कोटी वस्तू उकरून काढल्या. त्यांत सुरुंग आणि इतर स्फोटके मिळून भरली जेमतेम ०.३ टक्के. हजारदा गुडघे टेकून सावधपणे खणायचे आणि तीनदा काहीतरी हाती लागायचे. बाकी खिळे, तारा, काडतुसांच्या पुंगळ्या. नऊशे सत्त्याण्णव वेळा फसलेला माणूस हजाराव्या वेळी तेवढाच सावध राहील असे समजणे म्हणजे माणसाच्या स्वभावाची चाचणी न घेताच तो पास झाला म्हणणे होय. मुंबईत रेल्वे स्थानकांवर उभ्या केलेल्या डिटेक्टरच्या चौकटी गर्दीच्या वेळी प्रत्येकासाठी वाजतात आणि कोणी मान वर करून पाहत नाही; सगळ्यांसाठी वाजणारी चौकट आणि कोणासाठीच न वाजणारी चौकट यांत व्यवहारात फरक उरत नाही. म्हणून जाणकार परीक्षक दोन आकडे एकत्र मागतो: किती सुरुंग सापडले, आणि तेवढ्यासाठी किती खोटे इशारे झाले. पहिला आकडा एकटा सांगणाऱ्या विक्रेत्याला परत पाठवावे. टांझानियात चाललेल्या प्रयोगात पिशवीउंदरांना स्फोटकाचा वास ओळखायला शिकवले गेले, त्याचे मर्म इथे आहे. उंदीर भंगाराकडे ढुंकूनही पाहत नाही. मात्र त्या उंदरालाही कामावर नेण्यापूर्वी आंधळी परीक्षा द्यावी लागते, हे विशेष.

तिसरी हरकत श्रद्धेच्या बाजूने येते आणि तिचा समाचार थोडा विस्ताराने घ्यायला हवा, कारण तिच्यापायी माणसे मेली आहेत. एडीई ६५१ नावाचे एक साधन ब्रिटिश व्यापारी जेम्स मॅककॉर्मिक याने इराकला आणि इतर देशांना विकले. प्लास्टिकची मूठ, तिच्यावर सैल फिरणारी अँटेना. बॅटरी नाही, आत काही चालणारे नाही. मुळात वीसेक डॉलरच्या आत मिळणाऱ्या, गोल्फचे चेंडू शोधून देण्याची थाप मारणाऱ्या खेळण्याचा तो अवतार होता. बगदादच्या नाक्यांवर गाड्या तपासायला हे साधन वापरले जात होते, आणि २५ ऑक्टोबर २००९ रोजी शहराच्या मध्यभागी झालेल्या स्फोटांत दीडशेहून अधिक लोक मेले. टीका होऊ लागली, तेव्हा बॉम्बविरोधी विभागाच्या इराकी प्रमुखाने सांगितले, की हे जादूने चालते की विज्ञानाने याच्याशी मला कर्तव्य नाही, बॉम्ब सापडतात एवढे पुरे. या बोलण्यात तत्त्वतः काही चूक नाही! बेलच्या काळी जुन्या सैनिकांनाही भोवरे-प्रवाह कळत नव्हते. आणि नैयायिकही हेच म्हणतो, की यश आले तर ज्ञान खरे. चूक पुढच्या पायरीवर आहे. यश मोजलेच गेले नव्हते. अँटेना वळली आणि बॉम्ब निघाला ते प्रसंग लक्षात राहिले. अँटेना स्थिर राहिली आणि बॉम्ब पुढे गेला, ते प्रसंग नाक्यावरच्या शिपायाला कळलेच नाहीत, ते कळले बाजारात. याच जातीच्या जीटी २०० या साधनाची थायलंडमध्ये २०१० साली आंधळी चाचणी झाली. चार पेट्यांतली स्फोटकाची एक ओळखायची होती. वीस वेळांत चार वेळा ते बरोबर निघाले. डोळे मिटून बोट ठेवले असते तरी पाचाची अपेक्षा धरता आली असती. मॅककॉर्मिकला २०१३ मध्ये लंडनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली, तरी इराकने ती साधने नाक्यांवरून हटवण्याचा आदेश काढला तो बगदादच्या करादा भागातल्या स्फोटानंतर, जुलै २०१६ मध्ये. बाधक येईपर्यंत विश्वास ठेवा, या मीमांसकांच्या नियमाला इथे मर्यादा पडते. बाधक येते ते प्रेतांच्या रूपाने, आणि आल्यावरही मान्य होत नाही, कारण बचाव तयार असतो: चालवणाऱ्याचे प्रशिक्षण अपुरे होते, त्याचे मन स्थिर नव्हते, त्याला विश्रांती मिळाली नव्हती.

हा बचाव नीट ऐकला तर लक्षात येते, की तोही योग्यतेचीच भाषा बोलतो. असता तर दिसला असता, पण पाहणारा योग्य नव्हता. मग धर्मकीर्ती आणि हा विक्रेता यांत फरक कोणता? माझ्या मते फरक वेळेचा आहे. योग्यतेच्या अटी चाचणीच्या आधी सांगाव्या लागतात. अमुक माती, अमुक खोली, इतकी झोप घेतलेला माणूस, अशा अटी आधी लिहून दिल्या आणि त्या पाळूनही यंत्र हुकले, तर यंत्र हुकले. हुकल्यानंतर सुचलेली अट ही अट नसते. हाच निकष आता ईश्वराच्या वादात आणून पाहू. उदयनाचार्याने न्यायकुसुमांजलीत चार्वाकाला दिलेले उत्तर प्रसिद्ध आहे. जे दिसत नाही ते नाही असे मानणारा चार्वाक घराबाहेर पडला, तर बायकामुले दिसत नाहीत म्हणून ती गेलीच असे समजून त्याने रस्त्यातच छाती पिटायला हवी. आणि ईश्वर तर स्वभावानेच इंद्रियांना दिसण्याजोगा नाही; मग तो दिसत नाही यावरून तो नाही हे कसे ठरणार? युक्तिवाद चोख आहे. दुर्बिणीतून किंवा अंतराळयानातून पाहिले, देव कुठे दिसला नाही, असे सांगणाऱ्याला उदयनाने हजार वर्षांपूर्वीच गप्प केले आहे. पण या युक्तिवादाची किंमत श्रद्धावंतालाही चुकवावी लागते. ईश्वर कोणत्याही चाचणीत आढळण्याजोगा नाही असे आधी ठरवले, तर नवस फळला हा त्याच्या असण्याचा इशाराही मोजता येणार नाही. शांतता हिशेबात धरायची नाही आणि आवाज मात्र धरायचा, ही एडीई ६५१ ची वही आहे. उदयनाला हे ठाऊक असावे. ईश्वराच्या बाजूने त्याने मुख्य भार दिला आहे तो अनुमानावर, कोणाच्या नवसावर नाही. उलट नवसाला पावणारा, पाऊस पाडणारा, रोग बरा करणारा असा देव कोणी सांगत असेल, तर त्याने दिसण्याजोगे काही कबूल केले आहे, आणि तिथे न आढळणे हा पुरावा ठरतो. नास्तिक आणि भक्त, दोघांनाही एकच प्रश्न विचारावा लागतो: तुमचा देव कुठल्या खोलीपर्यंत आढळायला हवा होता, हे तुम्ही आधी सांगितले होते का?

असे म्हणता येईल, की घडा आणि पिशाच यांवर बोलणाऱ्या पंडितांना सुरुंगक्षेत्रात उभे करणे हा ओढूनताणून आणलेला संबंध आहे. त्यांना यंत्रांची कल्पना नव्हती हे खरे. पण न्यायसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायात वेदांचे प्रामाण्य मंत्र आणि आयुर्वेद यांच्या प्रामाण्यासारखे आहे असे म्हटले आहे, म्हणजे जे पडताळता येते त्यावरून, सांगणारा आप्त, म्हणजे विश्वासार्ह, आहे म्हणून, जे पडताळता येत नाही त्यावर भरवसा ठेवायचा. पुरून ठेवलेल्या सुरुंगांवरून न पाहिलेल्या शेताबद्दल बोलणे ही त्याच घडणीची चाल आहे, आणि ती कुठे लंगडी पडते हेही तिथूनच दिसते. भरवसा आप्तावर आहे, आणि आप्ताच्या लक्षणांत, जे जसे जाणले तसेच सांगण्याची इच्छा, हे एक आहे. स्वतःच्या यंत्राची स्वतःच चाचणी घेऊन निकाल छापणाऱ्या उत्पादकाकडे ते गृहीत धरता येत नाही. त्या जुन्या विवेचनात एक गोष्ट मात्र खरोखरच कमी पडते. पाणी पाहणारा आणि तहान भागवायला जाणारा तिथे एकच माणूस असतो. ज्ञान त्याचे, पाऊलही त्याचे. सुरुंगक्षेत्रात ज्ञान यंत्र बनवणाऱ्याचे, चाचणी घेणाऱ्याचे, चालवणाऱ्याचे असते, आणि पाऊल शेळ्यांमागे जाणाऱ्या पोराचे. मोझांबिकने सप्टेंबर २०१५ मध्ये देश सुरुंगमुक्त झाल्याचे जाहीर केले, तेही माहीत असलेल्या सगळ्या क्षेत्रांपुरते. ही मर्यादा सरकारी कागदावर असते. ती त्या पोराच्या बापापर्यंत, त्याला समजणाऱ्या भाषेत, खोलीच्या आकड्यासकट पोचली पाहिजे, कारण विहीर खणायची की नुसता मका पेरायचा हे तो ठरवणार आहे; आणि नंतर तिथे सुरुंग निघालाच तर भरपाई कोणी द्यायची, हे जमीन ताब्यात देण्याच्या आधी लिहिलेले असले पाहिजे.